बरणीतलं गढूळ पाणी

आमच्या गावाकडं मासा म्हटलं की आठवडी बाजारातली सुकट, नाहीतर बोंबील. पाथर्डीच्या बाजूला आमचं रान, तिथला ओढा वर्षातून महिना-दीड महिना वाहायचा. तेवढ्या दिवसांत कुणी टोपलं लावून चिंगळ्या धरल्याच, तर त्या संध्याकाळी तव्यावर जायच्या. मासा घरात पाळायचा, त्याला खाऊ घालायचं आणि वर त्याच्याकडं बघत बसायचं, हे आमच्या भावकीत कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी आमच्यावरून लिंबू उतरवून टाकलं असतं. माझ्या दादानं मात्र हेच केलं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शेतात काही हाती लागत नव्हतं म्हणून तो नगरला आला आणि नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपात लेथवर हेल्पर म्हणून लागला. वर्षभरानं त्यानं आईला आणि मला, धाकट्या बहिणीला, बोलावून घेतलं. आई स्वयंपाकासाठी आणि मी हायस्कूलसाठी. वडील दोन बैलांपायी गावीच राहिले. नागापुरात आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि पुढच्या खोलीला रस्त्याकडं एक खिडकी होती.

वर्कशॉपच्या मालकाच्या ऑफिसात माशांची काचपेटी होती. तिचं पाणी बदलणं बाकीच्या कामगारांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून ते काम दादाच्या गळ्यात पडलं. दादाला त्यात गोडी लागली. मालकानं ते पाहिलं असावं, कारण एक दिवस त्यानं दादाला चार मासे देऊन टाकले. करंगळीच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या. झेब्रा म्हणायचे त्यांना. दादानं भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडला, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी लावून त्यात काचा बसवल्या आणि पेटी खिडकीखाली ठेवली. पहिले चार दिवस ती गळत होती. आई खाली फडकं लावायची आणि शेजारणीला ऐकवायची, "माजं पोरगं बायको आनायचं सोडून मासं आनतंय. आता ह्यांचंच लगीन लावते."

लग्नाचं तिनं चेष्टेनं म्हटलं, पण दादाच्या डोक्यात खरोखरच त्यांची पिल्लं काढायचं होतं. संध्याकाळी कामावरून आला, हातपाय धुतले की तो मला शेजारी बसवून शिकवायचा. हे सगळं त्याला मालकाच्या कारकुनानं सांगितलेलं. या माशांची एक वाईट खोड आहे. मादी पहाटेच्या उजेडात अंडी पाण्यात सैल सोडून देते, आणि सोडून झाली की नर-मादी दोघंही मागं वळून तीच अंडी खाऊन टाकतात. मला ते ऐकून इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना खायला टाकलं नाही. दादा हसला. म्हणाला, "त्यांना काय ठावं आपली कोनची? म्हनून गोट्या."

गोट्या म्हणजे खेळायच्याच, काचेच्या. इनॅमलच्या पसरट पातेल्यात तळाशी गोट्यांचा एक थर लावायचा, वर चार बोटं पाणी ठेवायचं आणि त्यात जोडी सोडायची. अंडी पडतात ती गोट्यांच्या फटींतून खाली जातात, तिथं माशाचं तोंड पोचत नाही. मग मासे काढून घ्यायचे, गोट्या एकेक करून अलगद उचलायच्या आणि खसखशीच्या दाण्याएवढी ती पारदर्शक अंडी शाईच्या ड्रॉपरनं ओढून काचेच्या बरणीत घालायची. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की लगेच काढून टाकायचं, नाहीतर बुरशी शेजारच्याला धरते. तांब्या-पितळेचं भांडं या कामाला चालत नाही. मला हे सारं अजून तोंडपाठ आहे, शाळेत शिकलेलं मात्र सगळं गेलं.

दादानं एकदा प्रयोग केला. पिल्लं निघाली, काचेला चिकटून दोन दिवस लोंबली, मग पोहायला लागली आणि सहाव्या दिवशी बरणीत काहीच नव्हतं. त्यानं कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, अरे, उपाशी मेली. त्यांचं तोंड सुईच्या टोकाएवढं, त्यांना तुझे भाकरीचे कण कसे जातील? वाळलेलं गवत नाहीतर कडबा कुटून पाण्यात चार-पाच दिवस भिजत घाल. पाणी गढूळ होतं, वास मारतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात. ते पाणी पिल्लांना द्यायचं, थेंब-थेंब. दादा मला म्हणाला, "दिवाळी झाली की परत बघू. ध्यानात ठेव, थेंब-थेंब."

ते बहात्तरचं साल. पाऊस झालाच नव्हता. दिवाळीच्या आधीच विहिरीनं तळ दाखवला, आणि आम्ही जे पाणी आणत होतो त्यात हंड्याच्या बुडाला दोन बोटं गाळ बसायचा. दादा रोज कामावर जाताना फिरकीचा तांब्या नेत असे, तो आई सकाळी भरून त्याच्या हातात द्यायची. दिवाळीत त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. अकरा दिवसांत तो गेला. कावीळ पाण्यातून झाली, असं डॉक्टर म्हणाले. ते वडिलांना सांगत होते, पण आई मागंच उभी होती.

दहावं-तेरावं गावी करून आम्ही परत आलो, कारण माझी परीक्षा एप्रिलात होती आणि तोवर खोली सोडायची नाही असं वडिलांनी ठरवलं होतं. आई नागापूरजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. वडील बैल घेऊन गुरांच्या छावणीत गेले. आई त्या काळात फार बोलत नसे. एकदा तो फिरकीचा तांब्या चिंचेनं घासता घासता ती मान वर न करता म्हणाली, "रोज म्याच भरून देत हुते." मी ऐकलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी अभ्यासाचं पुस्तक उघडलं.

आणि तेव्हापासून तुरटी. तुरटी घरोघर असते, गढूळ पाण्यात खडा फिरवला की गाळ खाली बसतो, त्यात नवल काही नाही. पण आईचं फिरवणं वेगळं होतं. सुपारीएवढा खडा तिनं सुतळीला बांधून दाराच्या खिळ्याला लटकवला होता. टँकरचं पाणी आलं, फिरव तुरटी. गाळलेलं पाणी असलं तरी फिरव. शेजारणीच्या घरी गेली तरी तिच्या हंड्यात डोकावायची आणि म्हणायची, "जरा तुरटी लाव गं माय, लेकरं हायेत घरात." माशांचं मडकं तेवढं मी वेगळं ठेवलं होतं, त्यात दोन दिवस बसलेलं वरचं पाणी मी फडक्यानं गाळून घालायची. तुरटीचं पाणी माशांना बाधतं, हे दादानं मला सांगितलं होतं. मी आईला सांगितलं नाही. पंधरा वर्षांची होते, आपल्याला जे कळतं ते दुसऱ्यालाही कळत असणार किंवा कळायची गरज नाही, या दोन्हीपैकी काहीतरी मला वाटत असावं.

थंडीत चारातले दोन मासे गेले. एक नर, एक मादी उरली. एका संध्याकाळी आई खडीच्या धुळीनं पांढरी होऊन आली आणि तशीच पेटीपुढं बसली.

"किती वर्सं जगत्यात गं ही?"

"दादा म्हणायचा, दोन, लई तर तीन."

तिनं पदरानं काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मंग ह्यांची झालीच की. ही गेली म्हंजी त्याच्या हातचं जितं असं काय ऱ्हातंय आपल्यापाशी? तू पोरं काढ ह्यांची. त्यानं शिकवलंय ना तुला?"

मी म्हटलं, "परीक्षा हाय."

"परीक्षा दर साली असती," आई म्हणाली. माझ्या परीक्षेसाठी जी नागापुरात थांबली, ती हे म्हणाली.

लोणच्याची काचेची बरणी चार दिवस उन्हात ठेवून आणि राखेनं घासून तिचा वास घालवला. पाण्याचा प्रश्न होता. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि घरटी दोनच हंडे. आईनं आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं तोंड-हात पुसायची आणि म्हणायची, "मला काय कुठं मिरवायचंय?" तिच्या आंघोळीच्या वाटचं पाणी माशांच्या मडक्यात जायचं. कडबा हवा होता, तोही त्या वर्षी सोन्याच्या भावाचा. वडिलांना निरोप धाडला. छावणीत एकेका पेंढीवरून माणसं भांडत होती, पण ते पुढच्या आठवड्यात आले तेव्हा धोतराच्या सोग्यात मूठभर कडबा बांधून आणला होता. कशाला हवाय हे त्यांनी विचारलं नाही. पेटीसमोर जरा उभे राहिले आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेले.

मार्चमधल्या एका पहाटे, रात्री जोडी सोडून पातेल्यावर झाकलेलं पोतं मी काढलं. दिसायला लागलं होतं. नर मादीच्या मागं मागं गोट्यांवरून धावत होता, मादी अंग घासत वळत होती. आई माझ्या मागं उभी होती. कामावर जायला तिला उशीर होत होता, मुकादम बोलणार होता, पण ती हलली नाही. मासे काढून मी एकेक गोटी उचलली आणि तळाशी अंडी दिसली. आईला आधी दिसेनात. मी तिचं बोट धरून पाण्याच्या वर नेलं तेव्हा तिला दिसली. तिनं नुसतं "अगं बाई" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

चाळीसेक अंडी होती. दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मी पांढरी पडली, ती मी काढली. काढताना आई दुसरीकडं बघायची. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि ती बरणीला नाक लावून बसली होती. "हाललं गं!" ती ओरडली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं काचेला लोंबत होती, प्रत्येकाला दोन काळे ठिपके, ते डोळे. आम्ही मोजायला बसलो. आईचा आकडा अठरा आला, माझा एकवीस, आणि त्यावरून आम्ही चक्क भांडलो. दादा गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं बोलत होतं. आई शेजारणीला म्हणाली, "बारशाला ये गं, घुगऱ्या करते." रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या दिवसांत कसल्या घुगऱ्या, पण ती म्हणाली खरी. परीक्षा झाली की बरणी मांडीवर घेऊन एस.टी.त बसायचं आणि पिल्लं गावी न्यायची, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. भरलेली पेटी एस.टी.त नेता येणार नव्हती, बरणी येणार होती.

पाचव्या दिवशी पिल्लं काच सोडून पोहायला लागली. मी कडब्याच्या पाण्याचे थेंब ड्रॉपरनं सोडले. सहाव्या दिवशी सकाळी माझा सहामाहीनंतरच्या चाचणीचा गणिताचा पेपर होता. निघताना बरणीकडं पाहिलं आणि मला धडकी भरली. मागच्या वेळी सहाव्याच दिवशी दादाची पिल्लं उपाशी मेली होती. मला यायला दुपार होणार. मी ड्रॉपर बाजूला ठेवला आणि वाटीतलं अर्धं गढूळ पाणी बरणीत ओतलं. वास नाकात गेला. पोटभर खातील, असं म्हणून मी पळाले.

त्या दिवशी मुकादम आला नाही म्हणून खडीचं काम बंद होतं. आई लवकर घरी आली.

मी दुपारी आले तेव्हा ती दारातच उभी होती, आणि हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा तसा पाहिला. "बघ तरी," ती म्हणाली, "किती घान पानी झालं हुतं पोरांचं. वास मारत हुता. तीन येढे तुरटी दिली, बघ कसं निवळलं."

बरणीतलं पाणी खरंच निवळलं होतं. पलीकडच्या भिंतीवरचा खिळा त्यातून दिसत होता. तळाशी बोटाच्या नखाएवढा जाड पांढरट गाळ बसला होता आणि सगळी पिल्लं त्यात होती. मी बरणी हलवली. गाळ उठला, पिल्लं त्याच्याबरोबर उठली आणि परत खाली बसली.

माझा राग लहानपणापासून वाईट. डोकं फिरलं की जीभ कुठं जाते ते मला कळत नाही. पुष्कळांना मी बोलले आहे आणि पुष्कळांची माफीही मागितली आहे. पण त्या दुपारी मी जे आईला बोलले, ते मला आजही लिहवत नाही, तरी लिहिते. मी म्हटलं, "आधी दादाला पाणी पाजून मारलंस, आता त्याची पिल्लं मारलीस."

आई रडली नाही. चिडलीही नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि "व्हय" म्हणाली. एवढंच. मग खिळ्याचा तुरटीचा खडा सोडला, कोनाड्यात आत सरकवून ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसली. संध्याकाळी तिनं मला वाढलं. पाणी वाढलं नाही, ते मी माझं घेतलं. त्या वेळी मला त्यात काही दिसलं नाही.

मादी त्यानंतर आठ-दहा दिवसांत गेली, नर एप्रिलात. आम्ही खोली सोडली. पेटी वडिलांनी बैलगाडीतून नेली आणि आई तिच्यात कांद्याचं बी ठेवायला लागली. पाऊस झाला, दुष्काळ हटला, माझं लग्न होऊन मी नगरलाच आले. आमच्याकडं दारात कुणी आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा, मग काय ते बोलायचं. माहेरी गेले की हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. पाहुणा आला की आई जागची उठायची नाही. वडील घरात असले तर वडिलांना, नाहीतर शेजारच्या बाईला, मी असले तर मला हाक मारायची, "पानी दे गं पाव्हन्यांना." भाकरी ती करायची, वाढायची, पाणी शेंदून आणायचीसुद्धा. पण कुणाच्या हातात पाणी द्यायची नाही. माझ्या मुलाला पहिल्यांदा तिच्याकडं नेलं, तो उन्हातून आलेला, पाणी पाणी करत होता. ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती, तांब्या हाताशी होता, आणि तिनं पाणी द्यायला हाक मारून मला आतून बोलावलं. वडिलांना वाटायचं, गुडघे दुखतात तिचे. मला कारण माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं नगरमध्ये माशांचं एक छोटं दुकान निघालं. पंधराएक वर्षं उलटली होती. मुलाच्या हट्टापायी मी आत गेले आणि तिथं ते निळ्या पट्ट्यांचे मासे दिसले. दुकानदार बोलका होता. पिल्लं काढण्याचा विषय निघाला तेव्हा मी कडब्याच्या पाण्याचं म्हटलं. तो लगेच म्हणाला, "ताई, थेंबाथेंबानंच द्यावं लागतं ते. एकदम ओतलं की पाणी नासतं, पिल्लं तासा-दोन तासांत गुदमरतात. मग काही करा." मी विचारलं, आणि तुरटीनं? तो म्हणाला, तुरटीनं चांगलं नाहीच व्हायचं, पण नासल्या पाण्यात तोवर जगतंय कोण?

त्याच आठवड्यात मी गावी गेले. आई ओसरीवर वाल सोलत बसली होती. आता तिची दृष्टी कमी झाली होती, हात आपोआप चालायचे. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. अर्धी वाटी मी ओतली होती, तू यायच्या आधीच पिल्लं मेली असणार, तुझ्या तुरटीनं नाही, माझ्या हातानं, मला ते ठाऊक नव्हतं पण दादानं थेंब-थेंब म्हणून बजावलं होतं. मला वाटत होतं हे ऐकून तिच्यावरचं काहीतरी उतरेल. येताना एस.टी.त मी त्याचीच वाक्यं जुळवत होते.

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलून संपवली.

"माशांचं ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "त्याचं सांग."

मी म्हटलं, "त्यालाही तू नाही मारलंस आई. त्या वर्षी सगळ्या नागापूरचं पाणी तसलंच होतं. मी रागात बोलले." हे बोलायला मला एक मिनिटही लागलं नाही. त्या दुपारीही लागलं नसतं.

"व्हय," ती म्हणाली, तेव्हा म्हणाली होती तसंच.

मी म्हटलं, "आई, तहान लागलीय. पाणी दे."

पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या उजव्या हाताला होता. तिनं तो उचलला. माझ्याकडं हात केला, आणि हात मध्येच थांबला. थोडा वेळ तांब्या तसाच राहिला, वरून पाणी हिंदकळून तिच्या मनगटावर सांडलं. मी हात पुढं केला होता. मग तिनं तांब्या जमिनीवर ठेवला, आमच्या दोघींच्या मध्ये, आणि बोटांनी माझ्याकडं सरकवला.

मी तो उचलला आणि पाणी प्यायले.